खटले चालवू पाहणाऱ्या विधी विद्यार्थ्यांसाठी वेगळी शिष्यवृत्ती हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विधी अभ्यासक्रमांच्या प्रवेशफेऱ्या सुरू झाल्या की शुल्क, वसतिगृहे आणि शिष्यवृत्त्या यांविषयी आपल्या दैनिकात बातम्या व पत्रे येऊ लागतात, आणि ती यायलाच हवीत. मात्र या सगळ्या चर्चेत एका विद्यार्थ्याचा उल्लेख सहसा होत नाही. जिल्हा व सत्र न्यायालयात उभे राहून साक्षीदार तपासायचे, पुरावा नोंदवून घ्यायचा आणि खटला पहिल्या तारखेपासून निकालापर्यंत स्वतः चालवायचा, असे ज्याने किंवा जिने मनाशी पक्के केले आहे, तो हा विद्यार्थी. शिवाजीनगरच्या न्यायालयात फौजदारी काम करणारी वकील या नात्याने मला असे विद्यार्थी दरवर्षी भेटतात. त्यांतले थोडेच या कामात टिकतात, आणि जे जातात ते बहुधा बुद्धी किंवा जिद्द कमी पडली म्हणून जात नाहीत, तर महिन्याचा खर्च भागत नाही म्हणून जातात. पुण्यातील विधी महाविद्यालये, त्यांचे माजी विद्यार्थी, वकील संघटना आणि राज्य शासन यांनी मिळून अशा विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र शिष्यवृत्ती सुरू करावी, आणि ती पदवीबरोबर न संपता वकिलीच्या पहिल्या तीन वर्षांपर्यंत चालावी, अशी मागणी मी या पत्राद्वारे करीत आहे.

खटला चालवणे हे वकिलीतील इतर कामांहून वेगळे का, हे वकिलांखेरीज इतरांना चटकन लक्षात येत नाही. एक साधे उदाहरण घेऊ. मारहाणीच्या खटल्यात प्रत्यक्षदर्शी साक्षीदार न्यायालयात सांगतो की आरोपीच्या हातात कोयता होता. पोलिसांनी तपासात नोंदवलेल्या त्याच्या जबाबात कोयत्याचा उल्लेखच नाही. आता बचाव पक्षाच्या वकिलाने त्या साक्षीदाराला आधी हे विचारायला हवे की पोलिसांना जबाब देताना त्याने कोयत्याविषयी सांगितले होते का, आणि सांगितले असल्यास ते जबाबात का नाही. त्यानंतर कित्येक महिन्यांनी जेव्हा तपासी अंमलदार साक्षीला येतो, तेव्हा त्याच्याकडून हे सिद्ध करून घ्यायला हवे की साक्षीदाराने तपासात तसे सांगितले नव्हते. यातला दुसरा भाग राहून गेला की पहिल्या भागाचे मोल जवळजवळ शून्य होते. जबाबातील कोणती उणीव विसंगती मानायची, याची चर्चा सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मधील तहसीलदार सिंह खटल्यात केली आणि आजही त्याच निकालाच्या आधारे देशभर युक्तिवाद होतात. पण तो निकाल पाठ असणे वेगळे आणि साक्षीदार समोर उभा असताना, न्यायाधीश टंकलेखकाला मजकूर सांगत असताना, योग्य क्षणी योग्य शब्दांत तो प्रश्न विचारून त्याची नोंद करून घेणे वेगळे. हे दुसरे काम पुस्तकातून येत नाही. ते सीनियरच्या शेजारी उभे राहून, दोषारोपपत्राची पाने पुन्हा पुन्हा वाचून, पंचनामा, नकाशा आणि वैद्यकीय प्रमाणपत्र एकमेकांशी ताडून पाहत वर्षानुवर्षे शिकावे लागते.

आणि इथे चुकले तर पुढे फारसा इलाज राहत नाही. उच्च न्यायालयात किंवा सर्वोच्च न्यायालयात कितीही नामांकित वकील दिला तरी तो खालच्या न्यायालयात नोंदल्या गेलेल्या साक्षीपुराव्यावरच बोलणार. अपिलात नवा पुरावा घेण्याची मुभा अगदी अपवादात्मक असते. न विचारलेला प्रश्न, न घेतलेली हरकत, निशाणी न पडलेला, म्हणजे न्यायालयाने पुरावा म्हणून क्रमांक न दिलेला, कागद यांची किंमत पक्षकार आयुष्यभर मोजतो. दिवाणी बाजूलाही हेच आहे. २००२ पासून दिवाणी दाव्यांत सरतपास, म्हणजे साक्षीदाराची आपल्याच बाजूने घेतली जाणारी साक्ष, शपथपत्रावर दाखल होतो, म्हणजे वकिलाचे साक्षीदाराशी प्रत्यक्ष काम उलटतपासातच होते. वाटपाच्या दाव्यात सातबारा, फेरफार आणि जुने खरेदीखत हाती घेऊन ज्या वकिलाला साक्षीदाराला नीट प्रश्न विचारता येत नाहीत, त्याच्या पक्षकाराची जमीन साक्षीदाराच्या पिंजऱ्यासमोरच जाते. १ जुलै २०२४ पासून तिन्ही नवे फौजदारी कायदे लागू झाल्यावर या कामातली गुंतागुंत आणखी वाढली आहे. भ्रमणध्वनीतील चित्रफीत किंवा संदेश पुराव्यात आणायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र आता दोन भागांत लागते. एक भाग ती नोंद सादर करणाऱ्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा. अशा प्रमाणपत्रातील त्रुटी वेळीच हेरणे हे आज खटला चालवणाऱ्या वकिलाचे रोजचे काम झाले आहे, मग तो आरोपीचा असो वा सरकार पक्षाचा. सरकारी वकील कच्चा असला तर बलात्कारपीडितेची साक्ष वाया जाते, हेही विसरून चालणार नाही. मी ज्या शिष्यवृत्तीविषयी बोलते आहे ती केवळ आरोपींचे वकील घडवण्यासाठी नाही.

महाविद्यालयात यातले किती शिकवले जाते? वकिली व्यवसायाचे नियमन करणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांनुसार अभिरूप न्यायालय (काल्पनिक खटल्यावरचा सराव, म्हणजे मूट कोर्ट) आणि प्रशिक्षणाचा विषय अनिवार्य आहे. त्यात तीन अभिरूप न्यायालये, एक दिवाणी आणि एक फौजदारी अशा दोन खटल्यांचे निरीक्षण, आणि पक्षकाराची मुलाखत घेण्याचा व खटलापूर्व तयारीचा सराव अपेक्षित आहे. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवड्यांचे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवड्यांचे प्रशिक्षणही आहे. कागदावर हे वाईट नाही. प्रत्यक्षात खटल्याचे निरीक्षण म्हणजे एखाद्या दिवशी न्यायालयात येऊन मागच्या बाकावर बसणे आणि वहीवर सही घेणे, इतक्यावर ते भागते. त्या दिवशी साक्षीदार आला नाही, मुदतीचा अर्ज मंजूर झाला, तर विद्यार्थी उलटतपास न पाहताच परत जातो. अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धांबद्दल मला आदर आहे, पुण्यातील महाविद्यालयांनी त्यांत नावही कमावले आहे, परंतु त्या बहुतांशी घटनात्मक किंवा आंतरराष्ट्रीय कायद्यावरील अपिलाच्या धर्तीच्या असतात. तिथे साक्षीदार नसतो. तथ्ये आधीच छापून दिलेली असतात आणि दोन्ही बाजूंना ती मान्य असतात. खटल्यात तथ्यांचाच झगडा असतो.

शिवाय त्या स्पर्धा इंग्रजीत होतात. महाराष्ट्रात जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी असल्याची अधिसूचना १९९८ मध्येच निघाली आहे. साक्षीदार मराठीत बोलतो, जबाब मराठीत असतो, पंचनामा मराठीत असतो आणि साक्षही मराठीत नोंदवली जाते. लातूर, बीड, नंदुरबारहून पुण्यात आलेला, गावच्या बोलीतले बारकावे कानाला लागलेला विद्यार्थी या कामासाठी किती योग्य आहे, हे मी न्यायालयात पाहिले आहे. बांध, पाणंद, खळे, पडवी यांचा अर्थ त्याला कुणी समजावून सांगावा लागत नाही, आणि साक्षीदाराच्या उत्तरातला थोडासा बदलही तो टिपतो. महाविद्यालयातील पारितोषिकांच्या यादीत मात्र त्याचे नाव नसते, कारण तिथे मोजमाप वेगळेच आहे. म्हणूनच खटल्याच्या कामासाठी वेगळी शिष्यवृत्ती हवी असे मी म्हणते. गुणांवर किंवा इंग्रजी वक्तृत्वावर दिलेली शिष्यवृत्ती या मुलापर्यंत पोहोचणार नाही.

आता पैशांविषयी. राज्यात शिष्यवृत्त्या नाहीत असे कुणी म्हणू नये. अनुसूचित जाती-जमातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, निर्वाहासाठी डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाची योजना आहे, वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी स्वाधार आहे. शिष्यवृत्त्या देणाऱ्या महाडीबीटी या शासकीय संकेतस्थळावरील विलंबाबद्दल बोलण्यासारखे पुष्कळ आहे, पण तो या पत्राचा विषय नाही. या सगळ्या योजना पदवीबरोबर थांबतात. डॉक्टर होणाऱ्याला आंतरवासितेत विद्यावेतन मिळते, अभियंत्याला पदवीनंतर पगार सुरू होतो. खटले चालवू पाहणाऱ्या वकिलाचे खरे शिक्षण पदवीनंतर सुरू होते आणि नेमक्या त्याच दिवशी त्याला मिळणारी प्रत्येक मदत बंद होते.

त्याने दुसरी नोकरी करून हे शिक्षण घ्यावे म्हणावे, तर तेही शक्य नाही. बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. नोकरी धरली तर वकिली स्थगित करावी लागते. कामाची जाहिरात करण्यासही मनाई आहे. हे दोन्ही नियम व्यवसायाच्या प्रतिष्ठेसाठी आहेत आणि माझी त्यांबद्दल तक्रार नाही. परंतु नोकरीही नाही, जाहिरातही नाही, स्वतःचे पक्षकारही नाहीत आणि सीनियरकडून मिळणारी रक्कम प्रवासखर्चापुरती, अशी स्थिती असताना पुण्यात कॉट बेसिसवर राहणारा, मेसचे पैसे भरणारा, वर घरी काहीतरी पाठवण्याची अपेक्षा असलेला तरुण किती महिने तग धरणार? बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढून कनिष्ठ वकिलांना शहरी भागात दरमहा किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये विद्यावेतन द्यावे, अशी शिफारस केली. ती शिफारस आहे, बंधन नाही. जिल्हा न्यायालयात काम करणाऱ्या बहुसंख्य सीनियरांची स्वतःची मिळकतही अनियमित असते, हे मी त्यांच्या बाजूने नमूद करते. दोन-तीन कनिष्ठांना प्रत्येकी २० हजार देणे त्यांच्यातील फार थोड्यांना झेपेल. मग तो तरुण खराडी किंवा हिंजवडीतील कंपनीत करारपत्रे तपासण्याच्या कामाला लागतो, नाहीतर सदाशिव पेठेतल्या एखाद्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेच्या तयारीला बसतो. त्या कामांना मी कमी लेखत नाही. खटल्याच्या कामासाठीच जन्मलेली मुले त्याकडे ढकलली जातात, याचे मला दुःख आहे.

जे टिकतात त्यांत वडिलांचे किंवा काकांचे ऑफिस असलेल्यांचे प्रमाण मोठे असते. त्यांना आयते ग्रंथालय, आयते पक्षकार आणि घरचे जेवण मिळते. पहिल्या पिढीच्या वकिलाला यातले काहीच नसते. ज्येष्ठ मंडळी कधी कधी म्हणतात की आम्हीही उपाशी राहून शिकलो, हालअपेष्टांनीच वकील घडतो. त्यांच्या कष्टांबद्दल मला शंका नाही. परंतु हे वाक्य बोलायला जे आज बार रूममध्ये आहेत ते टिकलेले आहेत. जे दुसऱ्या वर्षीच निघून गेले त्यांची बाजू सांगायला तिथे कुणी नाही.

याच संदर्भात सर्वोच्च न्यायालयाच्या २० मे २०२५ च्या निकालाकडे पाहायला हवे. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, या पदासाठी किमान तीन वर्षे वकिलीचा अनुभव त्या निकालाने पुन्हा आवश्यक केला. हा अनुभव तात्पुरत्या नोंदणीच्या दिनांकापासून मोजला जातो आणि त्यासाठी दहा वर्षे वकिली केलेल्या वकिलाचे, न्यायिक अधिकाऱ्याने पृष्ठांकित केलेले प्रमाणपत्र लागते. निकालामागचा विचार मला योग्य वाटतो. कधीही साक्षीदार न तपासलेल्या व्यक्तीने साक्षीदार ऐकायला बसू नये. पण ही तीन वर्षे पोट कसे भरायचे, याची सोय झाली नाही तर दोनच गोष्टी घडतील. ऐपत असलेलीच मुले न्यायाधीश होतील, किंवा वकीलपत्रावर नाव घालून, प्रत्यक्षात खोलीत अभ्यास करीत बसून, तीन वर्षांनी प्रमाणपत्र मिळवले जाईल. त्या निकालाचा हेतू खरोखर साधायचा असेल तर ही तीन वर्षे भरीव कामाची व्हावीत यासाठी पैसा उभा करावाच लागेल.

नोंदणी शुल्काच्या बाबतीत न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी असाच एक अडसर दूर केला होता. अधिवक्ता अधिनियमात खुल्या प्रवर्गासाठी ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये शुल्क ठरलेले असताना अनेक राज्यांच्या बार कौन्सिल वेगवेगळ्या नावांखाली हजारो रुपये घेत होत्या. एका राज्यात तर ही रक्कम ४२ हजारांच्या घरात होती. ते बंद झाले. व्यवसायाचा उंबरठा त्यामुळे ओलांडता येतो, आत राहण्याची व्यवस्था अजून नाही.

शिष्यवृत्तीने काय होते आणि ती नाकारल्याने काय होते, याची दोन मोठी उदाहरणे पुण्याशी जोडलेली आहेत. कॉर्नेलिया सोराबजी या पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या विद्यार्थिनी आणि मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर. परीक्षेतील स्थानामुळे इंग्लंडमधील शिक्षणाची शिष्यवृत्ती त्यांना मिळायला हवी होती, ती केवळ स्त्री म्हणून नाकारली गेली. इंग्लंडमधील हितचिंतकांनी वर्गणी काढली म्हणून त्या ऑक्सफर्डला पोहोचल्या आणि १८९२ मध्ये तेथे कायद्याची परीक्षा देणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. भारतातील स्त्रियांना वकिलीचा अधिकार कायद्याने मिळाला तो १९२३ मध्ये. दुसरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले, पुढे लंडनमधील शिक्षणासाठी शाहू महाराजांनी साहाय्य केले, लंडनमधील ग्रेज इन या बॅरिस्टरांच्या संस्थेतून ते बॅरिस्टर झाले. आणि एवढी विद्या संपादन करून मुंबईत परतल्यावर सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, घेण्यासाठी त्यांच्याजवळ पैसे नव्हते. त्यांचे मित्र नवल भथेना यांनी ती अडचण सोडवली. १९२६ मध्ये ब्राह्मणेतर चळवळीतील केशवराव जेधे, दिनकरराव जवळकर आदी नेत्यांवर एका पुस्तिकेवरून अब्रूनुकसानीचा खटला झाला, तेव्हा पुण्यात येऊन त्यांची बाजू मांडणारे आणि त्यांना सोडवणारे वकील बाबासाहेबच होते. पदव्या पूर्ण होईपर्यंतची मदत आणि सनदेच्या वेळची मदत या दोन्ही वेगळ्या गरजा आहेत, हे त्यांच्या चरित्रात शंभर वर्षांपूर्वीच दिसते. आपण अजूनही पहिलीच ओळखतो.

इतरत्र या दुसऱ्या गरजेची दखल घेतली गेली आहे. इंग्लंडमधील ज्या चार इन्समधून बॅरिस्टर होतात, त्या दरवर्षी मोठ्या रकमेच्या शिष्यवृत्त्या देतात, आणि पदवीनंतर चेंबरमध्ये जे एक वर्षाचे शिकाऊ काम करावे लागते त्यासाठी किमान मोबदला नियामक संस्थेने ठरवून दिलेला आहे. अमेरिकेत खटला चालवण्याचे प्रशिक्षण ही विधी शिक्षणाची स्वतंत्र शाखाच झाली आहे. तेथील नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर ट्रायल ॲडव्होकसी १९७१ पासून वकिलांना प्रत्यक्ष साक्षीदार तपासायला लावून, लगेच त्यांच्या चुका दाखवून शिकवते, आणि काही विधी महाविद्यालये खटल्याच्या कामाला वाहून घेण्याचे ठरवलेल्या विद्यार्थ्यांना त्याच अटीवर शिष्यवृत्ती देतात. पण परदेशापर्यंत जाण्याचेही कारण नाही. आंध्र प्रदेशने २०१९ मध्ये कनिष्ठ वकिलांसाठी तीन वर्षे दरमहा पाच हजार रुपयांची योजना सुरू केली, तमिळनाडूने २०२० मध्ये दोन वर्षे दरमहा तीन हजारांची. रकमा लहान आहेत. सरसकट सर्वांना थोडेथोडे देण्यापेक्षा ज्यांना खटल्याचेच काम करायचे आहे अशा थोड्यांना पुरेसे द्यावे, असे माझे मत आहे.

ते कसे करता येईल याचा मी विचार केला आहे. निवड पदवीच्या शेवटच्या वर्षी व्हावी. उमेदवाराला नावे-गावे बदललेले एक खरे मराठी दोषारोपपत्र किंवा दिवाणी दाव्याची कागदपत्रे दोन दिवस आधी द्यावीत, आणि मग निवृत्त जिल्हा न्यायाधीश व रोज खटले चालवणारे वकील यांच्यासमोर त्याने एका साक्षीदाराचा वीस मिनिटे उलटतपास घ्यावा. साक्षीदाराची भूमिका कुणीही जाणत्या व्यक्तीने करावी. गुणपत्रिका फक्त उत्तीर्ण असल्याची खात्री करण्यापुरती पाहावी. अशा चाचणीत अर्ध्या तासात कळते की या मुलाने कागद वाचले आहेत का, तो उत्तर ऐकतो का, आणि जिथे थांबायला हवे तिथे थांबतो का. कौटुंबिक उत्पन्नाची अट असावी, आणि घरात आधी कुणी वकील नसलेल्यांना प्राधान्य असावे.

रक्कम सीनियरच्या हातून न देता थेट कनिष्ठाच्या बँक खात्यात जावी. सीनियरमार्फत दिली तर ती पगारासारखी होते आणि कनिष्ठ न्यायालयाच्या नकलाखात्यात, कागदांच्या प्रती मिळवण्यासाठी, रांगा लावण्यातच अडकतो. बार कौन्सिलने सुचवलेल्या २० हजारांपैकी निम्मे सीनियरने आणि निम्मे शिष्यवृत्तीतून, अशी विभागणी मला रास्त वाटते. दरवर्षी दहा जणांना प्रत्येकी दरमहा दहा हजार दिले तर एका तुकडीचा वर्षाचा खर्च १२ लाख रुपये होतो. तीन वर्षांच्या तीन तुकड्या एकाच वेळी धरल्या तरी ३६ लाख. पुण्यासारख्या शहरात ही रक्कम जमणे अशक्य आहे असे कुणी म्हणणार नाही. आय.एल.एस. विधी महाविद्यालयाची स्थापना १९२४ ची आहे, त्याच्या आणि शहरातील इतर महाविद्यालयांच्या माजी विद्यार्थ्यांत सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींपासून मोठमोठ्या कंपन्यांच्या विधी विभागप्रमुखांपर्यंत सगळे आहेत. कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली सामाजिक दायित्वाचा जो निधी खर्च करावा लागतो, त्यात शिक्षणाला प्रोत्साहन हा मान्य विषय आहे. मात्र देणगीदार कंपनीला निवडीत आणि पुढे त्या वकिलाने कोणते वकीलपत्र घ्यावे यात तिळमात्र अधिकार असू नये; कामगाराची बाजू घेतली म्हणून शिष्यवृत्ती बंद झाली, असे एकदा जरी घडले तरी योजनेवरचा विश्वास उडेल.

बांधिलकी कशी तपासायची, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. बंधपत्र लिहून घ्यावे, सोडून गेल्यास पैसे परत घ्यावेत, अशी सूचना होते. मला ती मान्य नाही. गरीब घरातला मुलगा बंधपत्राच्या भीतीनेच अर्ज करणार नाही, आणि ज्याच्या घरी पैसे आहेत तो दंड भरून मोकळा होईल. त्याऐवजी रक्कम महिन्यामहिन्याने द्यावी आणि त्यासाठी साधी कामाची वही मागावी: कोणत्या न्यायालयात, कोणत्या प्रकरणात हजेरी लावली, कोणता साक्षीदार तपासताना उपस्थित होता, कोणता अर्ज किंवा कैफियत (दाव्याला दिलेले लेखी उत्तर) स्वतः लिहिली. हजेरी न्यायालयाच्या रोजनाम्यात, म्हणजे रोजच्या कामकाजाच्या नोंदीत, असते, त्यामुळे पडताळणी अवघड नाही. दुसऱ्या वर्षापासून वर्षाला किमान काही साक्षीदार स्वतः तपासण्याची अट घालावी. ज्याला हे काम मानवणार नाही तो आपण होऊन बाजूला होईल आणि त्याच्या जागी दुसऱ्याला घेता येईल.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट आवर्जून सांगते. विधी महाविद्यालयांत त्यांची संख्या भरपूर असते, पण सत्र खटल्यात स्वतः उलटतपास घेणाऱ्या तरुणी अजूनही मोजक्या दिसतात. फौजदारी काम मुलींचे नव्हे, हे त्यांना घरी ऐकावे लागते आणि कधी कधी ऑफिसमध्येही. संध्याकाळी उशिरापर्यंत ऑफिसात बसणे, तुरुंगात आरोपीला भेटायला जाणे, पोलीस ठाण्यात जाणे, या प्रत्येक गोष्टीवर घरात वाद होतो, आणि हातात स्वतःची कमाई नसली की तो वाद मुलगी हरते. म्हणून किमान निम्म्या शिष्यवृत्त्या मुलींसाठी राखून ठेवाव्यात, आणि विवाह किंवा बाळंतपणामुळे काही काळ काम थांबले तर शिष्यवृत्ती रद्द न करता तेवढी पुढे सरकवावी.

या सगळ्याचा लाभ अखेर कुणाला, याचे उत्तर येरवडा कारागृहात मिळते. देशातील कैद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कच्चे कैदी आहेत, ज्यांचा खटला अजून निकाली निघालेला नाही. जिल्हा आणि तालुका न्यायालयांत देशभर चार कोटींहून अधिक प्रकरणे प्रलंबित आहेत. वकील नेमण्याची ऐपत नसलेल्या आरोपीला शासनाच्या खर्चाने वकील मिळण्याचा अधिकार आहे. तो सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या होसकोट प्रकरणात ठामपणे सांगितला, आणि आज तो नव्या फौजदारी कायद्यांपैकी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४१ मध्ये आहे. २०१९ मधील अनोखीलाल खटल्यात न्यायालयाला हेही सांगावे लागले की जन्मठेप किंवा फाशीची शक्यता असलेल्या प्रकरणात विधी सेवा प्राधिकरणाकडून दिलेला वकील किमान दहा वर्षे अनुभवाचा असावा आणि त्याला तयारीसाठी साधारण सात दिवस तरी मिळावेत. असा दहा वर्षांचा अनुभवी वकील हवा असेल तर पहिल्या तीन वर्षांत कुणीतरी त्याला टिकवलेले असले पाहिजे. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या विधी साहाय्य बचाव पक्ष वकील योजनेत तीन वर्षांपर्यंत अनुभव असलेल्या तरुणांना साहाय्यक म्हणून घेतले जाते. ती योजना चांगली आहे, पण त्यातील जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असतात. शिष्यवृत्तीधारकांनी आठवड्यातला एक दिवस अशा प्रकरणांसाठी द्यावा, ही अट मात्र मी आनंदाने घालीन.

माझी विनंती अशी की येत्या शैक्षणिक वर्षापूर्वी पुण्यातील विधी महाविद्यालयांच्या प्राचार्यांनी, पुणे बार असोसिएशनने आणि महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलच्या येथील सदस्यांनी एकत्र बसून दहा जणांची पहिली तुकडी निवडण्याचा निर्णय घ्यावा. शासनाच्या निर्णयाची वाट पाहत थांबू नये. निवडचाचणीसाठी दोषारोपपत्रे तयार करण्याचे आणि दर महिन्याच्या दुसऱ्या व चौथ्या शनिवारी, न्यायालयाला सुट्टी असताना, या मुलांचा उलटतपासाचा सराव घेण्याचे काम मी विनामूल्य करीन, आणि न्यायालयातील माझे काही सहकारीही त्यासाठी तयार आहेत.

आपली विश्वासू,
शिवाजीनगर न्यायालयातील एक वकील, पुणे